वाचकांचे प्रश्न: अकरावीत असतानाच महाविद्यालये पाहून यावीत का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. अकरावीत शिकणाऱ्या मुलामुलींना घेऊन पुढच्या शिक्षणाची महाविद्यालये आधीच पाहून यावीत का, यावीत तर केव्हा, आणि तेथे जाऊन नेमके पाहायचे काय, असे पालकांनी विचारले आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

आमची मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. पुढे संगणक अभियांत्रिकी घ्यावी की अर्थशास्त्र, हे तिचे अजून ठरत नाही. तिला आताच तीन-चार महाविद्यालये दाखवून आणावीत असे मला वाटते. यजमानांचे म्हणणे असे की सीईटीचा निकाल लागण्याआधी महाविद्यालये पाहत हिंडणे म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. शिवाय क्लासचे रविवार बुडतील ते वेगळेच. (एक आई, सहकारनगर)

आपल्या यजमानांनी वापरलेली म्हण, प्रवेश हातात पडल्याच्या थाटात घरात वाद घालणाऱ्यांना लागू पडते. नुसते पाहून येणाऱ्याला ती लागू पडत नाही. बारावीच्या वर्षाचे वेळापत्रक एकदा कागदावर मांडून त्यांना दाखवा. जानेवारीत जेईई मेनचे पहिले सत्र, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची लेखी परीक्षा, एप्रिलमध्ये जेईईचे दुसरे सत्र, त्याला लागून एमएचटी-सीईटी, मग निकाल, आणि निकालानंतर कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्या. महाविद्यालये आणि शाखा यांचा पसंतीक्रम लावून ऑप्शन फॉर्म भरण्यासाठी हाती येतात ते मोजके दिवस, आणि त्या दिवसांत बहुतेक घरांमध्ये मागील वर्षाचे कट-ऑफ समोर ठेवून, कधीही न पाहिलेल्या संस्थांची नावे एकाखाली एक लिहिली जातात. हा क्रम वाटतो तितका निरुपद्रवी नसतो, कारण पहिल्याच फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला, तर तीच जागा घ्यावी लागते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने चार वर्षे ज्या इमारतीत काढायची ती इमारत प्रथम पाहिली, ती शुल्काची पावती हातात घेऊन. अकरावीत केलेल्या भेटीचा उपयोग नेमका त्या ऑप्शन फॉर्मच्या दिवसांत होतो.

रविवार मात्र बुडवू नका, आणि याचे कारण क्लास हे नाही. रविवारी महाविद्यालय म्हणजे झाडे, पाट्या आणि कुलपे. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात गेलात तर सगळेच महाविद्यालय आनंदी दिसेल. त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीतला, किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमधला, साधा मंगळवार किंवा बुधवार निवडा आणि त्या एका दिवसासाठी कनिष्ठ महाविद्यालयातून रीतसर रजा घ्या. ज्या विभागात जायचे त्या विभागप्रमुखांना आठ दिवस आधी चार ओळींचा ईमेल पाठवावा आणि तो मुलीने स्वतः लिहावा. पंधरा मिनिटे वेळ मागितला तर तो सहसा मिळतो, आणि उत्तर छापून नेले की फाटकावरच्या सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालावी लागत नाही.

तिचे मन दोन विषयांत अडकले असल्याने एक दिवस अर्थशास्त्राला आणि एक दिवस अभियांत्रिकीला द्यावा. पहिल्या दिवसासाठी पुण्यातला डेक्कनचा परिसर सोयीचा आहे. १८८५ मध्ये स्थापन झालेले फर्ग्युसन, १९४३ पासूनचे बीएमसीसी हे वाणिज्य महाविद्यालय आणि १९३० मध्ये सुरू झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था ही तिन्ही ठिकाणे पायी फिरता येण्याजोगी आहेत. एकच विषय तीन निरनिराळ्या वातावरणांत कसा शिकवला जातो, हे एका दुपारीत दिसेल. अर्थशास्त्र म्हणजे गणितातून सुटका, अशी विज्ञान शाखेच्या मुलांची एक समजूत असते. तिने तेथे द्वितीय वर्षाची प्रश्नपत्रिका मागून पाहावी. त्यातले संख्याशास्त्र पाहून तिचा कल आणखी पक्का होईल किंवा पार बदलेल. दोन्हींपैकी काहीही झाले तरी दिवस कारणी लागला असे समजावे.

दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरला सीओईपी या जुन्या अभियांत्रिकी संस्थेत जावे. १८५४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. त्याच दिवशी, तिला मिळण्याची शक्यता अधिक वाटते असे एखादे खासगी महाविद्यालयही पाहून घ्यावे. केवळ सर्वोत्तम तेवढेच दाखवण्याचा मोह अनेक पालकांना होतो. तो टाळावा, कारण सगळ्यांत वरचे नाव फॉर्मवर लिहायला भेटीची गरज नसते; गोंधळ उडतो तो पाचव्या आणि अकराव्या क्रमांकांच्या दरम्यान.

आता काय पाहायचे, याविषयी. स्वागतकक्ष, सभागृह आणि प्रवेशद्वाराजवळचे कारंजे या तीन गोष्टींवरून काहीही ठरवू नये, कारण त्या पाहुण्यांसाठीच असतात. दुपारी तीनच्या सुमारास प्रयोगशाळेत डोकवावे आणि किती यंत्रे चालू आहेत, विद्यार्थी स्वतः प्रयोग करत आहेत की वहीत जुने आकडे उतरवून घेत आहेत, ते पाहावे. सूचनाफलकावरच्या कागदांच्या तारखा वाचाव्यात. ग्रंथालयाची अभ्यासिका परीक्षेच्या काळात रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, ते विचारावे. मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन यावे, आणि तेही तळमजल्यावरच्या नव्हे, तर तिसऱ्या मजल्यावरच्या. व्यवस्थापनाची विद्यार्थ्यांविषयीची आस्था तेथे जितकी स्पष्ट कळते तितकी कोणत्याही माहितीपुस्तिकेत कळत नाही.

विद्यार्थ्यांशी बोलायचे असेल तर तृतीय वर्षाच्या मुलांशी बोलावे. प्रथम वर्षाची मुले अजून भारावलेली असतात आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीपलीकडे काही सुचत नसते. त्यांना ‘कॉलेज कसे आहे?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘चांगले आहे’ असेच येते. ‘हा विषय तुम्हाला सध्या कोण शिकवते आणि मागच्या वर्षी कोण शिकवत होते?’ असे विचारावे. दरवर्षी नाव बदलत असेल, तर तेथे पूर्णवेळ प्राध्यापक कमी आणि तासिका तत्त्वावर येणारे अधिक, हे उघड होते.

आणखी एक सूचना अभ्यासाबाहेरची आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या होतात, तेथे तिला एक संध्याकाळ घेऊन जा. कोणत्या महाविद्यालयाची मुले रंगमंचावर काय बोलू धजतात आणि प्रेक्षागृहात त्यांच्यामागे किती जण उभे राहतात, हे पाहून त्या आवाराचा स्वभाव पुष्कळसा समजतो.

आम्ही मुलाला घेऊन शहराबाहेरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलो होतो. तेथील समुपदेशकांनी शंभर टक्के प्लेसमेंटचा तक्ता दाखवला आणि ‘आता काही रक्कम भरून जागा धरून ठेवा, पुढच्या वर्षी दर वाढतील’ असे सांगितले. मुलगा अकरावीत आहे. रक्कम भरावी का? (एक वडील, चिंचवड)

भरू नये. अकरावीतल्या विद्यार्थ्यासाठी धरून ठेवता येईल अशी जागा अस्तित्वातच नसते. राज्यातील खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांत बहुतांश जागा कॅपमधून भरल्या जातात. ज्यांना आपण बोलीभाषेत मॅनेजमेंट कोटा म्हणतो त्या संस्थास्तरीय जागाही त्या-त्या वर्षी अर्ज मागवून गुणवत्तेनुसारच भरायच्या असतात. त्या महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते आकडे सर्वांना पाहण्यासाठी खुले असतात. ठरलेल्या शुल्कापलीकडे पैसे घेण्यास १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांची व्यवस्था वेगळी असते, त्यांच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षा असतात. परंतु तेथेही परीक्षेआधी आणि पावतीवाचून दिलेला पैसा म्हणजे नुसता विश्वास. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीची मूळ गुणपत्रिका ‘फाईलसाठी’ मागितली तर तीही देऊ नये. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा स्पष्ट आदेश आहे.

प्लेसमेंटच्या तक्त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पालक सर्वाधिक फसतात ते येथे. शंभर टक्के म्हणजे कोणाचे शंभर टक्के, हा पहिला प्रश्न. उदाहरणादाखल समजा, एका शाखेत एकशे वीस विद्यार्थी आहेत. त्यांतील ज्यांचा एकही विषय राहिलेला नाही आणि ज्यांनी प्लेसमेंट विभागाकडे नाव नोंदवले आहे असे सत्तरच उरले, आणि त्या सत्तरांना नोकऱ्या मिळाल्या, तर तक्त्यावर शंभर टक्के लिहिता येते. उरलेले पन्नास तक्त्यात नसतात, घरी असतात. दुसरा प्रश्न, आकडा विद्यार्थ्यांचा आहे की नेमणूकपत्रांचा? एकाच हुशार मुलीला तीन कंपन्यांनी बोलावले तर तो आकडा तीन होतो. तिसरा प्रश्न वेतनाचा. फलकावर सर्वोच्च वेतन लिहिलेले असते, आणि ते एखाद्यालाच मिळालेले असते. सरासरीही फसवी असते, कारण एका मोठ्या आकड्याने ती वर ओढली जाते. विचारावे ते मध्यक वेतन, म्हणजे सर्व नोकऱ्या चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मध्यावर येणारे.

हे विचारल्यावर समुपदेशक गडबडले तर एनआयआरएफची माहिती मागावी. २०१६ पासून केंद्र सरकार ही क्रमवारी जाहीर करते आणि तिच्यात भाग घेणाऱ्या संस्थांनी भरलेल्या माहितीत उत्तीर्ण विद्यार्थी, नोकरी मिळालेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि मध्यक वेतन, असे सगळे आकडे वर्षनिहाय असतात. क्रमांक कितवा आला यापेक्षा हे कागद वाचणे अधिक फलदायी आहे. तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेला अनिवार्य प्रकटन नावाचा दस्तऐवज संकेतस्थळावर ठेवावा लागतो. त्यात शिक्षकांची नावे आणि पात्रता असते. भेटीच्या दिवशी ती यादी सोबत न्यावी आणि त्यांतील दोन प्राध्यापक त्या दिवशी विभागात आहेत का, एवढेच सहज विचारावे.

आम्ही जुन्नर तालुक्यात राहतो. मुलगी अकरावीत असून तिला पदवीसाठी पुण्यात ठेवावे लागेल. महाविद्यालय तिचे ती पाहील. आम्हांला काळजी आहे राहण्याची. पुण्याच्या फेरीत आम्ही काय पाहून यावे? (एक शेतकरी पालक)

आपली काळजी रास्त आहे, आणि शहरातल्या पालकांच्या यादीत जी गोष्ट शेवटी येते ती आपण पहिली धरली आहे. प्रथम हे विचारावे की महाविद्यालयाच्या वसतिगृहात प्रथम वर्षाच्या किती मुलींना जागा मिळते आणि ती चारही वर्षे राहते का. पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षी जागा मिळते आणि दुसऱ्या वर्षी मुलींना बाहेर खोली शोधावी लागते, किंवा नेमके याच्या उलट असते. वसतिगृह सकाळी पाहू नये. संध्याकाळी सात वाजता जावे, म्हणजे फाटकावर कोण बसते, रस्त्यावर दिवे आहेत का, शेवटची बस किंवा मेट्रोचे स्थानक किती अंतरावर आहे आणि ते अंतर तिला एकटीने चालता येईल का, हे सारे दिसते. रेक्टरबाई आवारातच राहतात की नाही, रात्री मुलीला ताप आला तर दवाखान्यात कोण नेते, उन्हाळ्यात पाणी किती वेळ येते आणि टँकर मागवावा लागतो का, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. खानावळीत पैसे देऊन एक वेळ जेवून यावे. मेसचा आमटीभात दोन घासांत सगळे सांगतो.

रॅगिंगविषयी २००९ चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आहेत. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा देशव्यापी क्रमांक आहे. तो वसतिगृहाच्या भिंतीवर लावलेला आहे का, ते पाहावे.

खर्चासंबंधी तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात आणि परीक्षाशुल्कात शंभर टक्के सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये काढला आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तसेच डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. या सर्वांसाठी उत्पन्नाचे, रहिवासाचे आणि लागू असल्यास जातीचे दाखले लागतात. तहसील कचेरीतली ही कामे अकरावीच्या सुट्टीतच उरकून ठेवावीत, कारण निकालानंतर तेथे पाय ठेवायला जागा नसते.

मुलीला विज्ञानाची आवड असेल तर पुण्याच्याही आधी आपल्याच तालुक्यात एक फेरी करावी. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण सर्वांना पाहण्यासाठी खुली असते आणि तेथे संशोधक स्वतः मुलांशी बोलतात. तिला मूलभूत विज्ञानाकडे जावेसे वाटले, तर पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा मार्ग वेगळ्या प्रवेशपरीक्षेतून जातो, हे ध्यानात ठेवावे.

मुलगा आंतरराष्ट्रीय मंडळाच्या शाळेत अकरावीत आहे आणि त्याला अमेरिकेत पदवी घ्यायची आहे. माझी बहीण न्यू जर्सीत राहते. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे जाऊन विद्यापीठे पाहावीत असे म्हणतो. हा खर्च करण्यासारखा आहे का? (एक आई-वडील, बाणेर)

खर्च आपल्या आवाक्यात असेल आणि बहिणीला भेटायला जायचेच असेल, तर जरूर पाहावीत. केवळ त्यासाठी विमानाची तिकिटे काढावीत असे मी सुचवणार नाही. तिकडची मुले अकरावीच्या वसंतात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पालकांबरोबर हे दौरे करतात. आपल्या सोयीचा मे मात्र तेथे गैरसोयीचा आहे, कारण अनेक विद्यापीठांचे सत्र मेच्या पूर्वार्धातच संपते आणि मग दिसतात त्या पदवीदान समारंभाच्या खुर्च्या. माझ्या मते आपल्या मुलांसाठी उत्तम काळ म्हणजे अकरावीतली दिवाळीची सुट्टी. त्या सुमारास वर्ग भरात असतात आणि अर्जाची घाई अजून एक वर्ष दूर असते. बारावीची दिवाळी उपयोगाची नाही, कारण बऱ्याच विद्यापीठांची लवकरच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबरला संपते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी येते; तो आठवडा टाळावा.

आपली बहीण न्यू जर्सीत आहे, ही चांगली गोष्ट आहे. एकाच रेल्वेमार्गावर न्यू ब्रन्सविकचे रटगर्स आहे आणि पुढे प्रिन्स्टन जंक्शनला उतरून छोट्या गाडीने प्रिन्स्टनला जाता येते. एकीकडे प्रचंड मोठे सरकारी विद्यापीठ आणि दुसरीकडे लहान, श्रीमंत, खासगी, असा फरक दोन दिवसांत कळतो. न्यूयॉर्क शहरात एनवाययू, म्हणजे न्यूयॉर्क विद्यापीठ, पाहावे, म्हणजे कुंपण नसलेले विद्यापीठ कसे असते ते मुलाला समजेल; फिलाडेल्फियाजवळचे स्वार्थमोर पाहिले तर केवळ पदवीचे शिक्षण देणारे लहान लिबरल आर्ट्‌स महाविद्यालय म्हणजे काय, याचे उत्तर मिळेल. एका दिवसात दोनांपेक्षा अधिक पाहू नयेत. माहितीसत्र आणि विद्यार्थ्याने दाखवलेली आवारफेरी यांसाठी संकेतस्थळावर आधी नाव नोंदवावे लागते. त्याला सहसा शुल्क नसते. पर्यटक व्हिसावर अशा फेऱ्या करता येतात, परंतु मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी करावे.

गेल्याने प्रवेशाची शक्यता वाढते का, हे आपण विचारलेले नाही, पण मनात असणार. काही संस्था अर्जदाराने दाखवलेल्या स्वारस्याची दखल घेतात, एमआयटीसारख्या काही घेत नाहीत. बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात, त्यात याविषयी सरळ नोंद असते. दूरवरून आलेल्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष भेट दिली नाही म्हणून त्याच्याविषयी कोणी गैरसमज करून घेत नाही; आंतरजालावरची माहितीसत्रे त्यासाठीच आहेत. आर्थिक साहाय्याची चौकशी मात्र त्याच भेटीत करावी. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवणाऱ्या संस्था हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्याच आहेत; इतर ठिकाणी साहाय्य मागितल्याचा परिणाम निर्णयावर होऊ शकतो.

सगळे प्रश्न मीच विचारतो आणि मुलगा मोबाईल पाहत उभा राहतो. घरी आल्यावर ‘कसे वाटले?’ विचारले तर ‘ठीक’ म्हणतो. शिवाय त्याचे आजोबा, जे स्वतः सीओईपीचे जुने विद्यार्थी आहेत, त्यांनाही सोबत यायचे आहे. कसे करावे? (एक वडील, कोथरूड)

आपण प्रश्न विचारता म्हणूनच तो मोबाईल पाहतो. फाटकातून आत गेल्यावर दोघांनी वेगळे व्हावे. त्याने विभागाकडे जावे, आपण कार्यालयात शुल्काची चौकशी करावी आणि तासाभराने कँटीनमध्ये भेटावे. येताना गाडीत ‘कसे वाटले’ हा विषय काढू नये, आपले मत तर मुळीच सांगू नये. बापाने आधी नाव घेतले की मुलाला एक तर ते नाव घ्यावे लागते किंवा मुद्दाम टाळावे लागते. त्याच रात्री त्याला एका कागदावर पाच ओळी लिहून ठेवायला सांगा आणि तो कागद स्वतः वाचू नका. दीड वर्षाने ऑप्शन फॉर्म भरताना तो कागद त्याच्या उपयोगी पडेल.

आजोबांना या भेटीत नेऊ नका. ते प्रत्येक झाडाखाली थांबतील, आणि नातवाला जे वर्ग पाहायचे आहेत त्यांच्या जागी त्यांना त्यांचे जुने वर्ग दिसतील. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. सीओईपीच्या बोट क्लबचा वार्षिक रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा, नदीवर होतो, त्या संध्याकाळी दोघांनाच पाठवा, आणि आपण घरी थांबा.